नजरेने जुळवलेलं तेल

मित्रांनो, मी एक जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. सध्या गॅरेजच्या मागच्या फळीवर पोट उघडं टाकून पडलो आहे. गाडीच्या रंगाचं कौतुक होतं, सीटच्या कव्हरांचंही होतं. आमच्या वाट्याला मात्र काळोख आणि तेल. आज ऐकणारं कोणी भेटलं आहे, तर बोलून घेतो.

कारखान्यात माझ्या पोटात लाल, पातळ तेल भरलं आणि मला एका छोट्या गाडीत बसवलं. ती गाडी ताईंनी घेतली. ताई एका दवाखान्यातल्या परिचारिका. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करायच्या. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे क्लच दाबणं जमत नसे. माझ्या गाडीला क्लचच नव्हता, गिअर मी आपणहून बदलायचो. "आता मला सोडा म्हणून कुणाची मनधरणी नको," असं ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मी नुसता फुशारून गेलो होतो.

पुढे माझं तेल बदलायची वेळ आली आणि कंपनीचं तेल कुठेच मिळेना. ताईंचा धाकटा भाऊ रंगारी. बहिणीवर त्याचा भारी जीव. "ताई, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? मी आहे ना!" भिंतीवरच्या जुन्या रंगाशी तो नवा रंग असा जुळवायचा, की डाग कुठे बुजवला ते घरमालकालाही सापडू नये. इथेही त्याने तेच केलं. पांढऱ्या कागदावर माझ्या तेलाचा थेंब आणि शेजारी दुकानातल्या तेलांचे थेंब.

"हे बघ, हुबेहूब! जुनं जरा काळवंडलंय, एवढंच."

कोणतं तेल घालायचं त्याचा नंबर माझ्या तेल मोजायच्या पट्टीवरच कोरलेला होता. त्या थेंबासाठी त्याने तीच पट्टी उपसली, पुसली आणि परत खुपसली. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

ते तेल मला मानवलं नाही. माझ्या आतल्या चकत्या एकमेकींना घट्ट धरीनात. गाडी गचके खाऊ लागली. "थकली बिचारी," ताई म्हणायच्या. मग एका दुपारी, रुग्णाच्या घराकडच्या चढावर, इंजिन नुसतंच गुरगुरत राहिलं आणि चाकं हलेनात. ताईंनी औषधांची पिशवी खांद्याला लावली आणि पाय ओढत तो चढ चढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅरेजमध्ये मला उघडल्यावर जळका वास सुटला.

"दुसऱ्या कंपनीचं घातलंत, त्याला माझी ना नाही," मेकॅनिक म्हणाला. "पण नंबर जुळवायचा ना राव! रंग काय, कुठल्याही तेलाला देता येतो. आणि या गाडीचे भाग आता येत नाहीत."

"रंगात माझी नजर कधी चुकली नाही हो," भाऊ कसाबसा म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "ताई, मी सोडत जाईन ना तुला. रोज."

"नको रे. तुझी कामं कधी करशील? दवाखान्यातच बसून करायचं काम मी मागून घेतलंय."

ताईंनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, आपल्या माणसासाठी धावून जरूर जा. पण हात घालण्याआधी वाचा, विचारा. मायेपोटी झालेल्या चुकीवर कुणाला धड रागावताही येत नाही.