सावळारामांनी लपवलेलं दुखणं

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. तारे दाखवणारी नव्हे, दवाखान्यातली. पोलादी नळी, टोकाला काच आणि पुढे विजेवर तापणारी तारेची कडी. म्हातारपणी प्रोस्टेटची गाठ फुगून लघवीची वाट अडवते. त्याच वाटेने आत जाऊन, पोट न फाडता मी ती गाठ खरवडून काढत असे. डॉक्टर बुद्धघोषांनी मला बारामतीत आणले, तेव्हा माझे फार कौतुक झाले.

१९९४च्या उन्हाळ्यात अंथुर्ण्याहून सावळाराम आले. बरेच महिने त्यांना लघवी थेंब थेंब होत होती. लेकी-सुनांच्या घरात हे बोलायचे कसे, म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले. पोट घागरीसारखे फुगले, तेव्हा कुठे बायकोला, प्रयागबाईंना कळले.

डॉक्टरांनी लघवीच्या वाटेने नळी घालून, तिला पिशवी जोडून आधी तुंबलेली लघवी काढली. मग म्हणाले, "आबा, गाठ दुर्बिणीतून काढू. पण मूत्राशय फार दिवस ताणलं गेलंय. त्याचा जोर परत येईलच, असं सांगता येत नाही."

"काढा. ही पिशवी लटकवून मानसांत कसं बसू?"

मी माझे काम चोख केले. वाट मोकळी झाली, नळी निघाली. पाण्याच्या आवाजाने तरी लघवी व्हावी, म्हणून प्रयागबाईंनी मोरीतला नळ सोडून ठेवला. सावळाराम कुंथत बसून राहिले. थेंबही आला नाही.

नळी पुन्हा घालावी लागली. काही आठवडे वाट पाहून डॉक्टरांनी बेंबीखाली छेद देऊन थेट मूत्राशयात दुसरी नळी बसवली.

"ही जल्मभर?"

"हो, आबा."

प्रयागबाई म्हणाल्या, "मला तरी सांगायचं हुतं."

"लाज वाटली गं," सावळाराम म्हणाले.

पुढचे प्रयागबाईंनीच डॉक्टरांना सांगितले. नातीच्या, स्वरूपाच्या लग्नात सावळाराम गोठ्यातच बसून राहिले. अक्षता प्रयागबाईंनी तिथे नेऊन दिल्या. लघवी तुंबून आधीच खराब झालेली मूत्रपिंडे वर्षाच्या आत निकामी होऊन ते गेले.

नंतर एकदा प्रयागबाई दिराला, म्हस्कूला, दंडाला धरून घेऊन आल्या. "ह्यो बी लपवतोय. ह्याला येळंवर बघा."

त्यांचीही गाठ मीच काढली. नळी निघाली आणि त्यांना सरळ धार लागली. नर्सबाई हसत सांगायला आल्या. प्रयागबाईही हसल्या, आणि मग भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत राहिल्या.

आता नव्या दुर्बिणी आल्या. माझी काच धुरकटली, मी कपाटात पडून असते. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण मित्रांनो, तुमचे आजोबा सारखे मोरीकडे जाऊन तसेच परत येत असतील, तर हसू नका. जवळ बसा, हळूच विचारा. ते आपण होऊन सांगणार नाहीत.