काचेतली रेघ

"वॅट?" फीफी म्हणाला. "आंटी, लोक विचारतात चित्र कसं दिसतं, फुटबॉल कसा दिसतो. या अख्ख्या बाजारात वॅट विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"वीज गेली की चित्रही दिसत नाही आणि फुटबॉलही नाही," अराबा एसेल म्हणाली. "वॅट सांग."

शेजारच्या टपरीतला चार्जरवाला फिस्सकन हसला. फीफीने निमूटपणे स्क्रीन उलटा केला, मागच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि आकडा वाचून दाखवला. अराबाने तो वहीत उतरवून घेतला.

घानातल्या टाकोराडी शहराच्या बाजारातल्या या दुकानात तिची ही चौथी खेप होती. फीफी चाळिशीचा, दाढीत पांढरे केस आलेला, बोलण्यात कोणाला हार न जाणारा माणूस; पण या बाईपुढे तो दमला होता. त्याने आधी लॅपटॉप गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. वीज गेली तरी चालतो, कुठेही नेता येतो. ती म्हणाली, मला कुठे न्यायचा नाही, आणि चौदा इंचांत भावाचे दोन चार्ट शेजारीशेजारी मावत नाहीत. मग त्याने मोठा डबा दाखवला, आत निळे दिवे लुकलुकणारा. तो किती वीज खातो ते ऐकून तिने वही मिटली होती. शेवटी तिनेच हुडकून काढला तो पुस्तकाएवढा छोटा कॉम्प्युटर. मेमरी सोळा जीबी, आत फिरणारी डिस्क नाही, पंखा नावापुरता. एका बॅटरीवर तो आणि स्क्रीन मिळून तीन तास निघतील, असं तिचं गणित होतं. तिने घरी तशीच एक बॅटरी दिव्यांवर चालवून ते पडताळूनही पाहिलं होतं.

सव्वीस वर्षं तिने पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. नळाच्या पाण्यात क्लोरिन किती, गढूळपणा किती, हे रोज मोजायचं आणि लिहायचं. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली तेव्हा मिळालेल्या रकमेतून आईच्या जागेवर घराच्या भिंती उभ्या राहिल्या, दारंखिडक्यांच्या वरपर्यंत आल्या आणि थांबल्या. छपरासाठी वेगळी ठेवलेली रक्कम होती, पण ती अर्ध्या छपराची होती. पत्र्यांचे भाव दर महिन्याला तिच्या पुढे धावत होते. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने तिला सोन्याच्या भावावर घरबसल्या व्यवहार करायला शिकवलं होतं. वर्षभर ती फोनवर, खोट्या पैशांनी, सराव करत होती. आता खरं करायचं तर साधनं नीट हवीत, असं तिचं म्हणणं.

नवा मोठा स्क्रीन मात्र तिच्या हिशेबात बसत नव्हता. हा जुना होता. सत्तावीस इंची, युरोपातल्या कुठल्यातरी खोलीतून निघून कंटेनरात बसून आलेला.

"गोरा मेला, म्हणून तर आपल्याला स्वस्त," फीफी म्हणाला. जुन्या परदेशी मालाला इथे सगळे तसंच म्हणतात, शर्टापासून फ्रिजपर्यंत. "जिवंत असता तर दिला असता का?"

दुकानाच्या दारात, भर उन्हात, तिने भिंगाने कोपरानकोपरा पाहिला. मेलेले ठिपके नव्हते. काचेला चरा नव्हता. फीफीने फुटबॉलचा सामना लावला. हिरवं मैदान स्वच्छ होतं. तिने वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

भाड्याच्या घरी मधल्या खोलीत, उन्हासाठी पडदे ओढून, तिने सगळं जोडलं. पहिल्या सकाळी बटण दाबलं आणि चित्र यायच्या आत, काळ्या काचेवर, तिला ती दिसली. खालच्या तिसऱ्या हिश्शात एक आडवी रेघ, फिकट तांबूस, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग चार्ट उघडला आणि ती त्यात मिसळून गेली.

तिने फीफीला फोन लावला.

"नव्या घरात माणूससुद्धा दोन दिवस अवघडतो, आंटी. तापू द्या त्याला. जाईल."

रेघ गेली नाही. तिला कारण माहीत होतं. काचेमागचे स्फटिक एकाच अवस्थेत फार काळ अडकून पडले, की ती अवस्था ते पुरती सोडत नाहीत. कोणीतरी या स्क्रीनवर तिच्यासारखाच चार्ट बघत होतं. ती रेघ कसली हेही तिला ओळखू येत होतं, कारण व्यवहार करताना तीसुद्धा रोज तशीच ओढायची. सोनं घेतलं की खाली एक रेघ ठेवायची. भाव पडत पडत तिला टेकला, की व्यवहार थोड्या नुकसानीत आपोआप मोडतो आणि रेघ पुसली जाते. जीव वाचवायची रेघ. कोणा अनोळखी माणसाची ती होती.

पहिल्या आठवड्यात, मंगळवारी, सोनं पडू लागलं. अराबा हात मांडीवर ठेवून बघत होती. भाव काचेतल्या रेघेच्या अगदी वर आला, क्षणभर थांबला आणि माघारी फिरला. योगायोग, ती मनात म्हणाली. पुढल्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. त्यानंतर तिने कधी नव्हे ते केलं: चार्टच्या कडेची भावाची पट्टी हाताने ओढून आपली रेघ बरोबर त्या रेघेवर बसवली. तिसऱ्यांदा भाव तिथूनच फिरला.

तीन निरीक्षणांवर काही सिद्ध होत नाही, हे तिने शिकाऊ मुलींना कितीदा बजावलं होतं. तरी आता सकाळी खोलीत शिरताना ती दार हळू उघडायची. खुर्ची जराशी डावीकडे सरकवून बसायची, उजवीकडे कोणाला बघता यावं इतकी जागा सोडून. हे आपण करतो आहोत, हे तिच्या एकदा अचानक ध्यानात आलं. तिने खुर्ची मध्ये घेतली. तासाभराने ती पुन्हा डावीकडे होती.

"आत कोणाशी बोलतेस गं?" आईने एकदा बाहेरून विचारलं.

"कोणाशी नाही."

"मग ठीक. मला वाटलं, पाहुणा आहे आणि तू पाणी विचारलं नाहीस."

मग तो शुक्रवार आला. साडेबाराला अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आकडा जाहीर व्हायचा होता. तो आला की सोनं उसळतं किंवा कोसळतं. आजवर तिने छपराच्या रकमेचा दहावा भाग एका वेळी लावला होता, त्याहून जास्त कधी नाही. त्या सकाळी तिने सगळी लावली, दलाल कंपनीच्या उधारीवर तिच्या कैक पट सोनं घेऊन. वहीत तिने लिहिलं होतं: रेघेला टेकलं तर चार पत्रे जातील. नाही टेकलं तर पूर्ण छप्पर.

खालची रेघ ठेवायचं तिने आकड्याच्या जरा आधीवर ठेवलं होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. गल्लीतले पंखे एकदम गप्प झाले. तिच्या खोलीत स्क्रीन लुकलुकलासुद्धा नाही. बॅटरीने भार उचलला होता. तिला बरं वाटलं. इंटरनेट मात्र गेलं. तिने फोनवरून नेट जोडलं, फोन कॉम्प्युटरशेजारी ठेवला आणि घाईने रेघेची किंमत टाकून बटण दाबलं. कोपऱ्यात काहीतरी चमकून गेलं. तिने खाली पाहिलं. रेघ होती. जिथे हवी तिथे, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"अराबा," आई दारात उभी होती, "मास्टर आनसा जागेवर येऊन उभा आहे. छपराचं माप घ्यायला म्हणून तूच बोलावलंस ना त्याला?"

"आत्ता?"

"तो सुतार आहे, दिलेल्या वेळी आलाय. हेच एक नवल. चल लवकर, नाहीतर पळेल."

अराबाने स्क्रीनकडे पाहिलं. फोन नेला असता तर नेट तुटलं असतं. रेघ होती. ती फोन तिथेच ठेवून निघाली.

जागेवर आई भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. वय एक्याऐंशी, पण पाठ ताठ. मास्टर आनसा भिंतीवर चढून टेप ओढत होता.

"दुपाखी करू की चारपाखी?" त्याने वरून विचारलं. "दुपाखीला लाकूड कमी लागतं."

"चारपाखी," आई म्हणाली. "आणि पुढे पडवी रुंद ठेव. मी गेल्यावर लोक बसायला येतील. त्यांनी काय माझ्यासाठी छत्र्या धरून रडायचं?"

"आई, काहीही काय."

"काहीही नाही. माणसाला निघायला स्वतःचं दार हवं. भाड्याच्या घरातून बाहेर काढलं, तर घरमालकाचे आभार मानण्यात अर्धं भाषण जाईल."

मास्टर हसत हसत भिंतीवरून पडता पडता वाचला. अराबाही हसली. तिने टेपचं दुसरं टोक धरलं आणि प्रत्येक माप दोनदा घ्यायला लावलं. दीड तास गेला.

परतली तेव्हा वीज अजून आली नव्हती. खोली अंधारी, थंडशी. स्क्रीन तेवत होता. भाव खाली, फार खाली गेला होता, रेघेच्या पार पलीकडे. आणि रेघ जागच्या जागी होती.

ती दारातच थांबली. खरी रेघ असती तर भाव टेकताच पुसली गेली असती. तिला ते कळायला दोन श्वास लागले. जवळ जाऊन तिने कोपऱ्यातला निरोप उघडला: बारा वाजून चौदा मिनिटं, संपर्क नाही, आदेश पोचला नाही. फोनचं नेट जुळायच्या आत तिने बटण दाबलं होतं; तिची रेघ कधी लागलीच नव्हती. पडणाऱ्या भावाला अडवायला मध्ये काही नव्हतं, आणि रक्कम संपत आली तेव्हा दलाल कंपनीच्या यंत्राने नियमाप्रमाणे व्यवहार स्वतःच मोडून टाकला होता. उरलं होतं त्यात पत्र्यांचे खिळे आले असते.

तिने चार्ट बंद केला. काच काळी झाली. काळ्या काचेवर ती रेघ, फिकट तांबूस, तशीच राहिली.

संध्याकाळी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि माशाचं ताट आईपुढे ठेवताना ती म्हणाली, "छप्पर होणार नाही आता. सगळं गेलं."

आईने घास हातातच धरला. "कोणी फसवलं?"

"नाही. मी वाचताना चुकले."

आईने घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मास्टरला सांग, मापांचा कागद हरवू नकोस म्हणावं," आणि जेवू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फीफी आला. फोनवर सगळं ऐकल्यापासून त्याच्या तोंडची बडबड गेली होती. डोक्यावरची टोपी सारखी मागेपुढे करत तो खोलीत उभा राहिला.

"बदलून देतो, आंटी. पैसे घेणार नाही. मला खरंच वाटलं होतं जाईल म्हणून."

"न्यायच्या आधी बघू दे. दुकानात बघायला हवं होतं ते." तिने पडदे घट्ट ओढले आणि काचेवर नुसता राखाडी रंग लावला, काठोकाठ, दुसरं काही नाही.

दोघेही काचेकडे बघत राहिले. रेघ एकटी नव्हती. तिच्या वर डावीकडून चढत उतरत आलेल्या भावाच्या पायऱ्या होत्या, जुन्या जखमेच्या वणासारख्या. अर्ध्यावर येऊन त्या थांबल्या होत्या. पुढे काही नव्हतं. आणि अगदी मधोमध एक चौकट होती, कॉम्प्युटर काही विचारतो तेव्हा येते तशी. आतली अक्षरं पुसट, न लागणारी. खाली शेजारीशेजारी दोन बटणं, हो आणि नाहीची असावीत तशी.

"हे काय?" फीफीचा आवाज बारीक झाला होता.

"चालू बाजारात चार्ट सरकत असतो," अराबा म्हणाली. प्रयोगशाळेत बोलायची त्याच आवाजात ती बोलत होती. "हलणाऱ्या चित्राचा ठसा पडत नाही. इतका खोल ठसा पडायला चित्र थांबलेलं हवं. रात्रंदिवस. वर्षभर तरी."

"वर्षभर कोणी बंद नाही केलं?"

"त्याला काहीतरी विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही."

"आणि वीज? बिल?"

"आपोआप भरलं जात असेल."

फीफीने एक पाऊल मागे घेतलं. "मी दुपारी गाडी घेऊन येतो. हा दुकानात नको. सरळ भंगारात घालतो."

"कोणाचं आहे ते?" आई दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोणास ठाऊक.

"एका माणसाचं होतं, आजी. तिकडचा कोणी," फीफी म्हणाला.

"एकटा होता?"

"असावा," अराबा म्हणाली.

"वर्षभर कोणीच आलं नाही?"

अराबाने नकारार्थी मान हलवली.

आईने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. हळूहळू चालत आत आली, अराबाच्या खुर्चीवर बसली. लुगड्यासारखं गुंडाळलेलं कापड तिने गुडघ्यांवर नीट केलं, हात मांडीत घेतले, आणि मयताच्या घरी बसायची तशी, ताठ, नजर समोर ठेवून बसली. राखाडी उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

फीफी बटणाकडे वाकला.

"थांब रे बाबा," आई म्हणाली. "आत्ता तर आलोय आपण."

त्याने हात मागे घेतला. थोड्या वेळाने टोपी काढली. अराबा स्वयंपाकघरात गेली आणि आणखी दोन खुर्च्या घेऊन आली.