भारत पिंगळ्याचं अर्धं मत

मातोरीहून पंचवटीच्या फुलबाजारात जाणाऱ्या मनोज काकडच्या छोट्या हत्तीत, म्हणजे चिमुकल्या टेम्पोत, मागे भारत पिंगळ्याची झेंडूची आणि शेवंतीची कॅरेटं असायची आणि पुढे देशाचं राजकारण. मनोज सत्तेतल्या पक्षाचा गावातला कार्यकर्ता. गाडी चालवून उरलेला सगळा वेळ त्याने पक्षाला दिलेला. भारत कुठल्याच पक्षाचा नव्हता, पण मत नाही असा विषय त्याला ठाऊक नव्हता. मखमलाबाद येईपर्यंत दोघांचा आवाज चढायचा, आणि बाजारात कॅरेटं उतरवताना दोघं एकाच कागदी कपात चहा वाटून घ्यायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

केंद्राचं बजेट झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी फुलबाजारात एका टीव्ही चॅनेलची गाडी आली. वार्ताहर मुलगी माइक घेऊन प्रत्येकाला विचारत होती, "बजेटबद्दल काय वाटतं?" कोणी लाजलं, कोणी "चांगलं हाय" म्हणून पुढे सरकलं. भारतच्या समोर माइक आला तेव्हा तो शेवंतीवर पाणी मारत होता. त्याची बायको मंजुषा शेजारी गिऱ्हाइकाला फुलं मोजून देत होती.

"उत्पन्न दुप्पट करणार म्हणाले होते," भारत म्हणाला. "झालं की दुप्पट! खत दुप्पट, औषध दुप्पट, मजुरी दुप्पट. हातात राहतं ते मात्र होतं तेवढंच."

आजूबाजूचे हसले. भारत थांबला नाही. "पण खोटं कशाला बोलू? आमच्या मळ्यापर्यंत रस्ता झाला, तो यांच्याच राज्यात. आई जन्मभर चुलीपुढे खोकत राहिली, तिला गॅस मिळाला तोही यांच्याच राज्यात. आणि आधीच्यांनी तरी सगळं कुठं पाळलं होतं? म्हणून माझं म्हणणं एवढंच हाय. केलं ते केलं म्हणा, आणि राहिलं ते कधी करणार, ते सांगा."

मुलगी "खूप छान बोललात काका" म्हणून गेली. भारतलाही वाटलं, आपण बरं बोललो.

संध्याकाळी चॅनेलवर दिसलं ते "हातात राहतं ते मात्र होतं तेवढंच" इथपर्यंत. मग लोकांचं हसणं, आणि पुढे जाहिरात. तेवढाच तुकडा कोणीतरी कापून घेतला, खाली लाल अक्षरात "नाशिकच्या शेतकऱ्याने सरकारचे कपडे उतरवले" असं लिहिलं, आणि दोन दिवसांत तो ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरायला लागला. ओळखीपाळखी नसलेले लोक भारतला वाघ म्हणू लागले. तितकेच ओळखीपाळखी नसलेले लोक त्याच्या आईबहिणीवर आले.

तिसऱ्या दिवशी पहाटे मनोज गाडी घेऊन आला, पण खाली उतरला नाही.

"आजचा माल नेतो," तो समोर बघतच म्हणाला. "उद्यापासून तुझी सोय तू बघ."

"अरे, ते अर्धंच दाखवलंय. मी पुढं रस्त्याचं बोललो, गॅसचं बोललो. मंजुषाला विचार."

"मला काय करायचंय विचारून? काल आमच्या पक्षाच्या साहेबांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, तुझ्याच गाडीत बसणारा माणूस तुला आवरत नाही का?"

त्या दिवशी बाजारात दोघांनी चहा वेगवेगळा घेतला. दुसऱ्या दिवसापासून भारतचा माल दुसऱ्याच्या टेम्पोतून जाऊ लागला. तो टेम्पोवाला भला माणूस होता. सगळ्यालाच हो म्हणायचा, त्यामुळे बोलण्यात राम नसायचा.

आठवड्याभरात विरोधी पक्षाची माणसं घरी आली. त्यांचा शेतकरी मेळावा होता. "भाऊ, तुम्ही फक्त स्टेजवर या. टीव्हीवर बोललात तेच बोला. सत्कार करू."

ती गेल्यावर मंजुषा म्हणाली, "जाणार तुम्ही?"

"जावं का नको, तेच कळत नाय."

"त्यांना तुम्ही नको, तो तुकडा पाहिजे. जाणार असाल तर सगळं बोला, नायतर घरी बसा." थोडं थांबून ती हसली. "आणि मी तिथंच उभी होते हो. मला मेलं कोणी विचारलंच नाय, माझं मत काय म्हणून."

"काय हाय तुझं मत?"

"माझं मत, की मतं विचारायला येणाऱ्यांनी परत यावं. काम झालं का नाय ते बघायला."

भारतला ते इतकं पटलं की तो जायला तयार झाला.

मेळाव्याला मांडव भरलेला होता. भारतला फेटा बांधला, शाल दिली आणि माइक हातात दिला. टीव्हीवर दिसलेली वाक्यं तो जशीच्या तशी बोलला. टाळ्या, शिट्ट्या. टाळ्या थांबेपर्यंत तो उभा राहिला, आणि मग म्हणाला, "हे झालं अर्धं. टीव्हीनं इथंच कापलं होतं. आता पुढचं ऐका." रस्त्याचं बोलला, आईच्या गॅसचं बोलला. मांडवात चुळबुळ सुरू झाली. "तुमचं राज्य होतं तेव्हा तुम्हीही सांगून गेला होता, आणि परत फिरकला नव्हता," तो म्हणाला. "आमची बायको म्हणते, मत विचारायला येता तसं काम बघायलाही येत जा. ते दोघांनाही लागू हाय."

सूत्रसंचालकाने हसत हसत माइक काढून घेतला आणि पुढच्या पाहुण्यांचं नाव पुकारलं. भारत पायऱ्या उतरला तेव्हा खालच्या रांगेतलं कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मांडवाच्या बाहेर मात्र मोहाडीचे एक म्हातारे शेतकरी, भिमाजी म्हणून, मुद्दाम त्याच्यासाठी थांबले होते.

"टाळी वाजवणार होतो बाबा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण शेजारचा कोणी वाजवीना, मग माझेही हात उठले नाय."

ते भाषण कोणीच दाखवलं नाही. कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं ते. दोन दिवस भारतने वाट बघितली, आणि मग रविवारी दुपारी सरळ मनोजच्या घरी गेला. मनोज अंगणात गाडी धूत होता.

"मी मेळाव्यात सगळं बोललो," भारत म्हणाला.

"कुठं दिसलं नाय."

"दिसणार नाय. म्हणून तुला सांगायला आलो." आणि उभ्या उभ्याच त्याने फुलबाजारात बोललेलं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मनोजने नळ बंद केला. नळ म्हणजे त्याच्या विहिरीवरच्या टाकीचा. घराच्या भिंतीपाशी सरकारी योजनेचा निळा पाइप जमिनीतून वर आलेला होता, त्याला तोटी बसवलेली होती, आणि त्यातून अजून पाणी आलेलं नव्हतं.

"रस्त्याचं बोललास ते बरं केलंस," तो म्हणाला. मग त्याने हातातलं फडकं पिळलं. "तुझं सोपं हाय भारत. तू विचारून मोकळा होतोस. मी काय करू? वस्तीतल्या प्रत्येक दारात मी स्वतः जाऊन सांगितलंय, पुढच्या उन्हाळ्यात नळाला पाणी येणार. दिल्लीचा माणूस कोणी बघितलाय? आमच्या भागुबाई काकूंना शब्द मी दिलाय. त्या रोज हंडा घेऊन माझ्या दारावरून जातात आणि एका शब्दानं मला बोलत नाय."

भारत इतकी वर्षं त्याच्याशी भांडत होता, पण हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्याला मित्राची कणव आली आणि थोडी स्वतःची लाजही वाटली.

"मग तूच विचार ना साहेबांना," तो म्हणाला.

"कार्यकर्त्यानं विचारायचं नसतं."

"का? तुझं मत नाय का?"

मनोज हसला नाही, पण आत वळून त्याने दोन चहा सांगितले.

सोमवारी भारतचा माल पुन्हा मनोजच्या गाडीतून गेला. बाजार उरकल्यावर गाडी साहेबांच्या ऑफिसकडे वळली. मनोज आत गेला. भारत बाहेर गाडीतच बसला, कारण त्याचं तोंड आता सगळ्यांना माहीत झालं होतं. बऱ्याच वेळाने मनोज बाहेर आला. चेहरा उतरलेला होता, पण चाल मोकळी होती.

"काय म्हणाले?"

"आधी चिडले. मग म्हणाले, बघतो."

"म्हणजे काहीच नाय."

"काहीच नाय कसं? मी म्हणालो, पुढच्या सोमवारी परत येतो." मनोजने गाडी सुरू केली. "आणि भारत, खत दुप्पट झालं म्हणतोस, त्याचं खरं कारण तुला माहीत नाय. बाहेरच्या देशातून येतं ते."

"काडीचा संबंध नाय त्याचा," भारत सरसावून बसला, आणि मखमलाबाद यायच्या आत दोघांचा आवाज चढला.