भूत कुणाच्या सोयीचे?

मित्रांनो, मी एक जुने डेस्क आहे. मांडी घालून बसणाऱ्यापुढे ठेवतात तसले, उतरत्या झाकणाचे. कल्याणच्या बंदरात मोडीत निघालेल्या गलबताच्या सागवानातून एका सुताराने मला घडवले. सन अठराशे ब्याऐंशीच्या सुमारास मी ठाण्याला, टेंभीवरच्या गोपीनाथरावांच्या घरी आले.

गोपीनाथराव कचेरीत कारकून होते. रविवारी दुपारी ते माझ्यावर कोपरे टेकून कादंबरी लिहीत. काय नव्हते तिच्यात! पडका किल्ला होता, वटवाघळे होती, भुयार होते, सांगाडा होता, आणि माडीवरच्या बंद खोलीतून रडण्याचा आवाज येत होता. तरी कादंबरी जागची हलत नव्हती. नायक भुयारात शिरे, घाबरे आणि बाहेर येई. पुढच्या प्रकरणात पुन्हा शिरे. गोपीनाथराव कागद चुरगाळत आणि राग माझ्या झाकणावर काढत. मला तर वीट आला होता.

लिहिलेले ते मोठ्याने वाचत, तेव्हा त्यांची धाकटी बहीण गोदा दारापाशी तांदूळ निवडत ऐकत असे. सोळाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली होती. वाचायला तिला गोपीनाथरावांनीच शिकवले होते. एकदा ती म्हणाली, "दादा, आवाज ऐकून सगळेच पळाले, तर गोष्ट पुढे कोण नेणार? एकीला वाटू दे की दार उघडावं. आणि दुसऱ्याला ते बंदच हवं असू दे."

"बंद कशाला हवं?"

"आत त्यानेच कुणाला तरी कोंडलं असेल. भूत आहे म्हणून सांगितलं, की पहारेकरी ठेवावा लागत नाही."

टाक क्षणभर थांबला, आणि मग असा धावला की माझ्या फळीवर शाईचे शिंतोडे उडाले. किल्ल्याच्या सरदाराने भावाच्या विधवेला माडीवर कोंडले होते. नवी सून किल्ली मागत होती. तिचा नवरा बाप आणि बायको यांच्यामध्ये सापडला होता. किल्ला तोच, वटवाघळे तीच. पण आता वरून किंकाळी आली, की खाली घरात दोन तट पडत.

त्याच दिवसांत मुलींच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. पुण्यास शिक्षिका तयार करण्याच्या शाळेत गोदेला जागा मिळणार होती. फक्त घरच्यांनी हो म्हणायचे होते. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

घरात शब्द चालत असे तो चुलत्यांचा, तात्यांचा. ते म्हणाले, "आपले गेलेले जावई माझ्या स्वप्नात येतात. हिने उंबरा ओलांडला, तर घराचं वाटोळं करीन म्हणतात."

गोदेच्या आईने, आवडाबाईंनी, भिऊन देवापुढे हात जोडले. गोदा मात्र शांतपणे म्हणाली, "तात्या, ते आले असतील, तर माझ्यासाठी आले असतील. मग मला का दिसत नाहीत?"

तात्या गरजले, "उलट बोलतेस?"

गोदेने गोपीनाथरावांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या कडेवरचा कपचा नखाने उकरत बसले. तात्या गेल्यावर ती म्हणाली, "किल्ल्यातल्या नवऱ्याला तू बापापुढे बोलायला लावलंस. मग इथे का गप्प?"

"अगं, ती कादंबरी आहे."

मित्रांनो, मला वाचा असती, तर मी त्या दिवशी किंचाळले असते! ज्या हाताने किल्ल्यातल्या नवऱ्याच्या तोंडी तसली वाक्ये घातली, तो हात माझ्यावर नुसता पडून होता. पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

कादंबरी छापून आली. घरी वाचन ठेवले, तेव्हा ओटीवर माणसे मावेनात. सून माडीचे दार ढकलते आणि आतली बाई उजेडाने डोळे मिटून घेते, तिथे सगळे गहिवरले. तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. म्हणाले, "त्या सरदाराला चौकात उभं करून फटके मारले पाहिजेत!"

आतल्या दारातून गोदेचा आवाज आला. "मग तात्या, पुढच्या वर्षी मी जाऊ पुण्याला?"

तात्या खोकले. "तू मध्ये बोलू नकोस. ही गोष्ट वेगळी, ती गोष्ट वेगळी."

सगळ्यांनी गोपीनाथरावांकडे पाहिले. त्यांनी पान उलटले आणि विचारले, "पुढचं प्रकरण वाचू ना?"

दुसऱ्या दिवशी गोदेने मला ओटीवरून उचलून मागच्या पडवीत नेले. शेजारच्या हेमाला आणि सगुणाला तिने माझ्यावर पाटी ठेवून अक्षरे शिकवायला घेतली. तात्या दोनदा ओरडले, मग दमले. पुण्याला ती कधीच गेली नाही. गोपीनाथराव दुसरी कादंबरी मांडीवरच कागद ठेवून लिहीत. तिच्यात तीन सांगाडे होते, असे ऐकले.

आता मी अडगळीत आहे आणि माझा एक पाय वाळवीने खाल्ला आहे. पण मित्रांनो, माझी धूळ पुसायची राहिली तरी चालेल. कोंडलेल्या बाईची गोष्ट ऐकून तुमचे डोळे भरून आले, की ते पुसण्याआधी एकदा मागे वळून बघा. दारापाशी कोण बसले आहे, ते बघा.