सुटल्याचा आवाज

त्या हिरव्या गाडीतून झकेरिया मिस्त्रीला मिळणार होती ती सावली. विश्वजीतच्या फार्महाउसवरची शेड म्हणजे खाली गुळगुळीत लादी, वर पंखा, आणि गाडीखाली ताठ उभं राहता येईल असा बांधीव खड्डा. पनवेलच्या जुन्या हायवेलगत धुळीत पाठीवर झोपून ज्याचं उभं आयुष्य गेलं, त्याला ही जन्नतची आगाऊ झलकच. शिवाय त्याच्या गॅरेजच्या जागेवर मालकाला आता कपड्यांचं दुकान हवं होतं. विश्वजीतने सरळ सांगितलं होतं, “चाचा, हिरवीचा ओव्हरड्राइव्ह चालू करून दाखवा. मग शेडमधल्या सगळ्या जुन्या गाड्या तुमच्याच हाताखाली. कायमच्या.”

एवढं मिळवण्यासाठी झकेरियाला लपवायची होती एकच गोष्ट. त्याला ऐकू येत नव्हतं.

अगदीच दगड नव्हता. डाव्या कानात थोडी धुगधुगी होती. बाकीचं त्याने कळंबोलीत तरुणपणीच ट्रकच्या इंजिनांना वाहून टाकलं होतं. समोरचा बोलला की हसऱ्या चेहऱ्याने मान हलवायची, ही त्याची जुनी युक्ती. हो म्हटल्याने माणसाचं सहसा नुकसान होत नाही, हा त्याचा अनुभव. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मिस्त्री किती समजूतदार म्हणायचं.

आणि आवाज ऐकायचं काम सकीनाकडे होतं. त्याची बायको.

“तिला शुगर हाय, घरी एकटी नाय ठेवत,” असं सांगून त्याने पहिल्याच दिवशी तिला शेडमध्ये आणलं आणि हिरवीत शेजारच्या सीटवर बसवलं. शुगर खरी तर त्याला होती. पण नवऱ्याचा आजार बायकोने वाहून न्यावा, यात त्याला नवीन काही वाटलं नाही. तिलाही नाही.

“चाची, तुम्हीच चालवणार की काय?” विश्वजीतने विचारलं.

“आमी नाय. आमी निस्त्या बसतो,” सकीना म्हणाली. “चालवायला हे हाईत, बसायला आमी.”

हिरवी विलायती होती, विश्वजीतच्या जन्माआधीची. हाताने गियर टाकायची. चौथ्या गियरनंतर तिच्यात आणखी एक चोरखण होता: गियरच्या मुठीवरचं बटण सरकवलं की विजेवर एक खटका उचलला जायचा, तेलाचा दाब सुटायचा आणि ओव्हरड्राइव्ह लागायचा. गाडी तेवढीच पळायची, इंजिन मात्र सुस्कारा टाकून हळू व्हायचं. विश्वजीतच्या गाडीत तो सुस्काराच येत नव्हता. जुन्या गाड्यावाल्यांचा मेळावा तोंडावर होता, आणि तिथे सगळे बोनेट उघडून एकमेकांच्या गाड्यांची उणी काढणार होते.

झकेरियाने सुरुवात वायरीपासून केली. फ्यूज बघितला, गियरबॉक्सवरचा स्विच साफ केला, गंजलेली अर्थिंग घासली. मग इंजिन बंद ठेवून, नुसती चावी फिरवून, चौथा गियर टाकला आणि बटण सरकवलं. अशा वेळी खालून ‘टक’ आवाज आला पाहिजे. तो समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला. सकीनाचं बोट गुडघ्यावरून किंचित उचललं गेलं.

“बघा सायब, बोलतोय!” झकेरिया म्हणाला.

विश्वजीतने टाळी दिली. शेडच्या दारात पाण्याचा पाइप धरून जैतू उभा होता. त्याने जीभ टाळूला लावून हुबेहूब आवाज काढला, “टक!” सकीना पदरात तोंड घालून हसली.

जैतू फार्महाउसची राखण करायचा, गाड्या धुवायचा. त्याची वाडी वर डोंगराच्या अंगाला. पण शेडमागे त्याला एक खोली दिली होती. तिथे तो आणि भागी राहायचे, मागच्या तुकड्यात भागीने वाल लावला होता. स्टीअरिंगला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. बाहेरून पुसायचं, आतून बघायचंसुद्धा नाही.

खटका वाजला तरी रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह धरेना. झकेरियाने तेल सोडलं आणि हुंगलं. कोणा शहाण्याने ट्रकचं जाड तेल भरलं होतं. आतली जाळी काळ्या चिखलाने बंद झाली होती. जाळी धुतली, हवं ते पातळ तेल भरलं. गाडी धरू लागली.

मग सकीनाने खोडा घातला.

“लागतो तवा कडक वाजतो,” ती जेवताना म्हणाली. “सुटतो तवा मेल्यावानी. मागनं, सावकाश.”

“सुटतो ना? झाला तर.”

“गाडी गरम झाल्यावर सुटेल?”

झकेरियाने मान हलवली. म्हणजे त्याने ऐकलं होतं. त्याची खरी मान आणि खोटी मान यातला फरक जगात फक्त तिला कळायचा. खटक्याची दांडी झिजून अडकत होती. नवा खटका परदेशातून यायला हवा. तो येईपर्यंत मेळावा उरकला असता, सावली दुसऱ्याला गेली असती. त्याने दांडी काढली, बारीक पॉलिश पेपरने घासली, परत बसवली.

“सायब, एक ध्यानात ठेवा,” त्याने विश्वजीतला बजावलं होतं. “ओव्हरड्राइव्ह सुटल्याशिवाय गाडी मागं घ्यायची नाय. आतला सगळा उलटा फिराया बघतो. मोडतो.”

हे सगळ्यांनी ऐकलं होतं. जैतूनेही.

चाचणीच्या दिवशी सकीना बहिणीचं ऑपरेशन म्हणून उरणजवळच्या मोऱ्याला गेली. झकेरिया आणि विश्वजीत हिरवी घेऊन निघाले. मोकळ्या रस्त्याला बटण सरकवलं आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली आला. काटा दिसतो, त्याला कान लागत नाहीत. विश्वजीत लहान पोरासारखा डॅशबोर्ड बडवत होता. “चाचा, जिंकलं! एक तारखेपासून शेड तुमची!”

फाटकाशी विश्वजीत फोनवर बोलत उतरला. गाडी आत लावायची होती, आणि त्या शेडची रीत अशी की प्रत्येक गाडी उलटी आत घ्यायची. पाहुणा दारात आला की सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे हवीत. जैतू मागे जाऊन हात दाखवायला उभा राहिला.

झकेरियाने बटण बंद केलं. सवयीने शेजारच्या सीटवरच्या गुडघ्याकडे बघितलं. सीट रिकामी. त्याने डावा कान खाली वळवला. काहीच आलं नाही. पण आवाज झाला असता तरीही त्याला काहीच आलं नसतं. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच. आरशात जैतूचा हात वर झालेला दिसला. ‘या’ म्हणत असेल. त्याने रिव्हर्स टाकला.

आवाज नाही, पण हादरा त्याच्या तळहातांना कळला. हाड मोडावं तसा. पायाखाली काहीतरी फरफटलं आणि गाडी दोन हात सरकून शेडच्या दारातल्या उतारावर अडली, मागची चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंना.

जैतू खिडकीशी धावत आला. त्याचे ओठ हलत होते. झकेरियाने इंजिन बंद केलं, खाली उतरला. “तू बस,” तो म्हणाला. “ब्रेकवर पाय ठेव. मी खालनं बघतो.”

त्या वेळी त्याच्या मनात काय होतं, हे सांगणं अवघड आहे. जागेला उतार होता, ब्रेकवर कोणीतरी हवंच होतं. पण हँडब्रेकही होता.

जैतू कचरत बसला. पहिल्यांदाच. पाय पुसून बसला.

आवाज फाटकापर्यंत गेला होता. विश्वजीत धावत आला तेव्हा झकेरिया खड्ड्यात होता आणि स्टीअरिंगवर जैतू.

“तू? तू घेतलीस मागे?”

“नाय सायब. आमी मागं उभा व्हतो. हात दावत.”

“मग आत काय करतोयस? चाचा! हाच बसला होता ना?”

झकेरियाने खड्ड्यातून डोकं वर काढलं आणि मान हलवली.

ऐकू आलं नाही म्हणून हलवली, असं त्याने पुढे बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण विश्वजीत ओरडला होता. तेवढं डाव्या कानाला येतं.

जैतूने एकदा खड्ड्याकडे बघितलं. मग खाली उतरला आणि बसला होता ती सीट फडक्याने पुसली.

मोऱ्याहून परतताना सकीनाला भागी भेटली ती पनवेलच्या एसटी स्टँडवर. डोक्यावर भांड्यांचं बोचकं, हातात न वाळलेल्या वालाच्या शेंगांची पिशवी. विश्वजीतने खोली रिकामी करायला लावली होती; वीटभट्टीवर निघाले होते दोघं. जैतू पाणी आणायला गेला होता.

“चाची, तुमच्या मान्साला सांगा,” भागी म्हणाली. रागावली नव्हती, हे वाईट. “हा मागनं वरडत व्हता. थांबा चाचा, टक नाय झाला, टक नाय झाला. हात वर करून. त्यांना आयकू नाय आला काय?”

सकीनाला उत्तर माहीत होतं. ते तिने इतकी वर्षं कोणालाच दिलं नव्हतं; तिथेही दिलं नाही. भागीने मूठभर शेंगा तिच्या पिशवीत टाकल्या. सकीनाने पिशवी मिटली.

घरी तिने विचारलं, “मागं कोणी घेतली?”

झकेरियाने मान हलवली. खोटी.

यथावकाश परदेशातून खोकं आलं. मोडलेले भाग बदलले, नवा खटका बसला. मेळावा हुकला म्हणून विश्वजीत चार दिवस फुगला आणि येऊन-जाऊन राखण करणारा नवीन वॉचमन ठेवून मोकळा झाला. झकेरिया पंख्याखाली हिरवीत बसला, शेजारी सकीना. शेडमागच्या खोलीच्या दारावर कुलूप होतं, वालाच्या वेलांना पाणी नव्हतं.

त्याने चावी फिरवली. चौथा गियर. बटण.

नवा खटका कडक वाजला. सकीनाने तो स्वच्छ ऐकला. झकेरिया काचेतून बाहेर बघत राहिला, मग डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्या गुडघ्याकडे.

बोट हललं नाही.

त्याने बटण बंद केलं. टक. पुन्हा चालू केलं. टक.

“वाजला?” त्याने विचारलं. “सकीना, वाजला काय गो?”

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. विश्वजीतचं म्हणाल तर एका पार्सलचे पैसे गेले. जैतूची खोली गेली, भागीचा वाल गेला. सावली झकेरियाला मिळाली, ठरल्याप्रमाणे. तो बटण पुढे-मागे करत राहिला. पंखा फिरत होता, आणि त्याचाही आवाज त्याला येत नव्हता.