न आलेला ठसका

पाणी पिताना गफूरभाईंना लागणारा ठसका गेला, ही बातमी फरजानाला रबियाआपाने फोनवर सांगितली, आणि वर मिठाई घेऊन येण्याचे फर्मावले. फरजाना आखातातल्या एका खासगी इस्पितळात एक्स-रे काढत असे. तिने मिठाई घेतली नाही. दुपारची पाळी संपताच ती थेट खैतानला बहिणीच्या घरी गेली.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या मेहुण्यांचा, गफूरभाईंचा, डावा स्वरतंतू लुळा पडला होता. शुवैखमधल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा त्यांचा आवाज आता निव्वळ हवा होता. परंतु फरजानाला काळजी आवाजाची नव्हती. गिळताना श्वासनलिकेचे दार मिटायला हवे. त्यांचे अर्धवट उघडे राही आणि पातळ पाणी आत उतरे. म्हणून पाण्यात पूड कालवून ते पेजेइतके दाट करायचे, मान डावीकडे वळवून हनुवटी खाली घ्यायची आणि घोटभरच गिळायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मधल्या काळात त्यांचा मुलगा नबील उमऱ्याच्या यात्रेहून झमझमच्या पवित्र पाण्याचा डबा घेऊन आला होता.

"आपा, त्यात पूड घालतेस ना?"

"झमझममध्ये पीठ कालवू?" रबिया म्हणाली. "अगो, अदब म्हणून काही असते की नाही? पहिले दोन दिवस ठसकले. आता बघ."

गफूरभाई उठले, नमाजाच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड करून उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे तीन दमांत पेला रिकामा केला. फरजाना ठसक्याची वाट पाहत राहिली. तो आला नाही.

"काय एक्स-रेबाई," ते कुजबुजले, "तुमच्या मशीनला दिसला का इलाज?"

रबिया हसली. फरजाना हसली नाही. त्या शब्दांना ओल होती. नळाला हवा लागल्यावर येतो तसा बुडबुडा प्रत्येक अक्षराखाली फुटत होता. ठसका न येण्याचे अर्थ दोन होतात. पाणी योग्य वाटेने गेले, हा एक. दुसरा असा की ते चुकीच्याच वाटेने गेले, आणि वारंवार भिजून बधिर झालेल्या त्या वाटेने तक्रार करणे सोडून दिले. गिळण्याच्या एक्स-रेत तिने हा दुसरा प्रकार पाहिला होता. रोगी शांत बसलेला असतो आणि पडद्यावर काळी रेघ फुप्फुसाकडे निघते.

"दुल्हाभाई, हात द्या."

हात तापलेला होता.

"बाहेर उकाडा आहे," रबिया म्हणाली.

"घरात एसी चालू आहे, आपा. त्यांच्या पाठीला कान लाव. इथे, उजवीकडे खाली."

रबियाने चेष्टेनेच कान लावला. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "पेज रटरटते तसे वाजतेय," ती म्हणाली. क्षणभराने तिने आवाज खाली आणला. "हे कुणाला सांगू नकोस. झमझमने झाले म्हणतील लोक."

"पाण्याचा दोष नाही. दाट केले असते तरी पाणी झमझमच राहिले असते. त्यांना कपडे घालायला सांग, इस्पितळात न्यायचे आहे. आता लगेच."

गफूरभाईंनी मान हलवली. "मी बरा आहे. नबील आला की उद्या जाऊ."

"उद्यापर्यंत थांबायची माझी तयारी नाही," फरजाना म्हणाली, आणि टॅक्सी बोलावली.

टॅक्सीत ते दोघींच्या मध्ये बसले. फरवानियाच्या चौकात सिग्नलला गाडी अडली, तेव्हा फरजानाला त्यांचा श्वास सरळ ऐकू येऊ लागला. आखूड, भराभर, तळाशी खुळखुळणारा. रबियालाही तो ऐकू आला असावा, कारण तिने एकाएकी त्यांच्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली.

"खोका," ती म्हणाली. "अहो, खोका ना. जोरात."

त्यांनी बायकोकडे पाहिले, समजूतदारपणे मान डोलावली, छाती भरून घेतली आणि प्रयत्न केला. खोकल्याला आधी दार घट्ट मिटावे लागते. त्यांच्या उघड्या तोंडातून फक्त हवा निघून गेली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या, आणि समोरचा दिवा अजून लालच होता.