बिनचादरीची सीट

जावईबापूंना गाडीपुढे माणूस दिसत नसे, तिथे कुत्रं काय दिसणार! नवी गाडी दारात आल्यापासून सासूबाईंना आत बसण्याआधी चपला झटकाव्या लागत. आणि घरच्या अकरा वर्षांच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, बुडाखाली तीन चादरी नि वर एक प्लास्टिक अंथरल्याशिवाय त्याच्यासाठी दार उघडत नसे. लेकीच्या घरी राहायचं तर जिभेला गाठ मारून राहावं, हे सासूबाईंना कळत होतं. पण त्यांची जीभ गाठीत मावणारी नव्हती.

दोन दिवस भुऱ्याला ओकाऱ्या नि जुलाब. तिसऱ्या दिवशी सकाळी जावयांनी त्याला नि सासूबाईंना गाडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी भुऱ्याच्या पोटावरचे केस भादरले, थंडगार जेल चोपडलं आणि सोनोग्राफीची मूठ एका जागी टेकवली. "चांगलं आतडं मिनिटाला चारपाचदा तरी आवळतं. तीन मिनिटं मोजते. कुणी बोलू नका."

जावई खरंच बोलले नाहीत. एरवी दवाखान्याची फरशी कशी चुकली यावर तासभर बोलणारा माणूस! सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

पडद्यावरची आतड्याची करडी नळी पायजम्याच्या ओल्या नाडीसारखी नुसती पडून होती.

"शून्य," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अडकलेलं काही दिसत नाही, पण हालचालच नाही. पोट उघडून बघावं लागेल. हृदय अशक्त आहे, भूल झेपेलच असं नाही. घरी काही औषध दिलंत?"

"छे छे!" म्हणत जावयांनी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सहीसाठी पेन काढलं. भुऱ्या त्यांचाच दुसरा हात चाटत होता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आज चादर नाही अंथरलीत?"

"घाईत राहिली, आई."

"घराला आग लागली तरी तुमची चादर राहायची नाही. जुलाब लागलेलं कुत्रं, नवीकोरी सीट, आणि चादर नाही? कशाच्या भरवशावर?"

पेन थांबलं. जावयांनी ते टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"माझ्या जुलाब थांबवायच्या गोळ्या होत्या... सकाळी निघताना दोनच दिल्या. ब्रेडमध्ये घालून."

"अहो, त्या गोळ्या आतडं झोपवतात!" डॉक्टरीणबाईंनी सहीचा कागद ओढून घेतला. "आणि मी सुरी घेऊन निघाले होते! माणसाच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात."

सलाईन लागलं. गोळ्यांचा अंमल उतरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा मोजायचं ठरलं. दुपारी चारला मूठ परत पोटावर टेकली. सासूबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. नळी पडूनच. पडूनच. मग गांडुळासारखी हळूच आवळली.

"एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने, "दोन."

तीन मिनिटांत बारा भरले. "आता उघडायला नको. जुलाबावरचं औषध मी देते, तेवढंच द्या."

"बघा, झालं ना सगळं ठीक!" जावयांना एकदम कंठ फुटला. गाडीपाशी येताच ते डिकीतून चादरी काढू लागले.

सासूबाईंनी मागचं दार उघडलं, चपला न झटकता आत बसल्या आणि भुऱ्याला उघड्या सीटवर शेजारी घेतलं.

"राहू द्या, जावईबापू. त्या मुक्या जिवाला वाचा नाही, म्हणून तो गप्प. तुम्हाला वाचा असून तुम्ही पेन काढलंत. आजपासून चादर भुऱ्याखाली नाही, तुमच्याखाली अंथरायची. घाण तुम्ही केलीत."